आज वर मुक्काम

१२ जानेवारी, सोमवार

नळ सव्वापाचला यायचा. आधी पिंप, मग हंडे, शेवटी न्हाणीतली बादली. तोवर ह्यांची दाढी व्हायची. मी दोन डबे मांडायची, दुपारचा आणि रात्रीचा. रात्रीचा भरायला घेतला की कधी कधी आरशात बघतच म्हणायचे, "तो राहू दे. आज वर मुक्काम." मग एकच डबा. खाकी शर्टाचं बटण अंगावरच टाचायचं, दोरा दातानं तोडायचा. तिकिटांची पेटी कॅरिअरला, सायकल डेपोकडे. वळणावर दिसेनासे झाले की मी झाडू घ्यायची.

अशा किती सकाळी. एकही वेगळी काढून दाखवता येणार नाही.

आठवलं ते माळा आवरताना. मागच्या कोपऱ्यात ह्यांच्या जुन्या शर्टात गुंडाळलेलं पितळी पातेलं निघालं. आमचं नाही. आतून नवी कल्हई, त्यानंतर एकदाही न वापरलेलं. काठावर टोचलेली अक्षरं: सौ. हिराबाई हीस मामाकडून. आत पेपरचा बोळा होता, तो उलगडून वाचला. टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या, त्या आठवड्यातला.

हिराबाई म्हणजे हिराक्का. वर मुक्कामाला गाडी गेली की ह्यांना आणि ड्रायव्हरना जेवायला घालायची ती. हे कंडक्टर, ती ह्यांना मास्तर म्हणायची. वर आता कल्हईवाला कोण फिरतो? ह्यांच्याकडे दिलं असणार, तांबटाकडून करून आणा म्हणून. पुढे ती मुक्कामी गाडी सुरू झालीच नाही. हे निवृत्त झाले. दोन-तीनदा म्हणाले होते, वर एक काम राहिलंय. मी म्हटलं, आता कसलं काम, बसा की स्वस्थ.

मग तेही गेले. तीन वर्षं होतील.


१३ जाने.

डेपोत जाऊन आले. ओळखीचं कोणी नाही. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, त्या अंगाला तेव्हा चार-पाच गाड्या मुक्कामी असायच्या, तुमच्या मिस्टरांची कुठली? गावाचं नाव काय?

नाव मला सांगता आलं नाही. आठवड्यातून दोनदा माझा नवरा ज्या गावात झोपला त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. "वर" एवढंच पुरत होतं.

माहीत आहे ते एवढं. दारणा शेवटपर्यंत सोबत असते. शाळेपुढच्या उंबराखाली गाडी उभी राहते. सकाळी तोंड धुवायला बसलं तर पाय पलीकडच्या काठाला टेकतील, एवढीशीच नदी. म्हणजे उगमाजवळचं गाव. नदी धरून वर गेलं तर सापडायला हवं. चेहेडीचा पूल तर घरापासून जवळ.

मनूचा पुण्याहून फोन. लेक आहे की मुकादम. "आई, कुरिअर कर ना."

म्हटलं, कुठल्या पत्त्यावर?


१४ जाने. संक्रांत

शेजारच्या वंदनाताई तिळगूळ देऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे हळदीकुंकू. म्हणाल्या, "तुम्ही मागाहून या हं निवांत, सगळ्या गेल्या की." चांगल्या मनानं म्हणाल्या. वाईट मनानं म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

रथसप्तमीपर्यंत कॉलनीत रोज कुणाकडे तरी असतं. दुपारी घरात बसायला नको वाटतं. फिरायला हे दिवस बरे.


१५ जाने., गुरुवार

मनूची जुनी लेडीज सायकल हवा भरून काढली. चेहेडीपर्यंत.

बेचाळिसाव्या वर्षी शिकले मी. डेपोमागच्या मैदानात, रविवारी सकाळी. हे कॅरिअर धरून मागे पळायचे. "पुढं बघ. माझ्याकडं काय बघतेस, मी काय रस्ताय?" एकदा हात सोडला तरी पळतच राहिले शेजारून, मला कळू नये म्हणून.

पुलावर ट्रक अंगावर येतात. खाली उतरले. पाण्यावर जलपर्णी, हिरवीगार सतरंजीच. बाजूला सारून हात बुडवला. हे पाणी वरून आलंय, हिराक्काच्या दारावरून.

सायकल हातात धरून काठानं वर गेले. वाट उसात शिरली आणि संपली. बांधावरच्या शेतकऱ्यानं विचारलं, कुठं निघालात मावशी? म्हटलं, नदीच्या उगमाला. त्यानं सायकलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग आज पोचत नाय तुम्ही." पाणी दिलं प्यायला. म्हणाला, भगूरवरून गाडी धरा, नदी कुठं पळून जात नाय.


१८ जाने., रविवार

बसनं भगूर, तिथून पुढे पांढुर्लीच्या बाजूला. कंडक्टर बाई होत्या. मशीनमधून सरसर अर्धं तिकीट. ह्यांचा तो चिमटा आठवला, तिकिटाला भोक पाडायचा. गर्दी नसली तरी रिकामाच टिकटिक वाजवायचे. घरीसुद्धा. मी ओरडायची.

मध्ये उतरून नदीकाठानं बरीच चालले. कांदा, गहू, पाण्याच्या मोटारींचा आवाज. इथे नदी रुंद आणि शांत, हनुवटी हातावर ठेवून बसल्यासारखी. पुढच्या गाडीनं धरणापर्यंत. तिथे नदी हरवलीच. नुसतं पाणी. कुठून येतं दिसेना. डोंगर निळे, लांब.

भिंतीजवळ मासे विकणारी एक जण होती. तिला विचारलं, ह्याच्या वर नदी कुठे सापडेल? ती म्हणाली, घोटीवरून जावं लागंल. आणि उन्हात डोक्यावर काही घे, बाई.

पाय दुखतात. बरं वाटतंय पण.


२१ जाने., बुधवार

घोटी. स्टँडवर उतरलं की कोंड्याचा वास. ह्यांच्या शर्टाला यायचा हा. मी समजायची घामाचा. तांदळाच्या गिरणीशेजारी थोडा वेळ नुसती उभी राहिले. हमाल म्हणाला, काय पाहिजे? म्हटलं, काही नाही.

वडाप जीपनं वर. भात कधीच निघून गेलाय, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, ओलीवर हरभरा. नदी परत भेटली, आता ओढ्याएवढी. एका गावी उतरले. शाळा आहे, उंबर नाही. पारावरचे आजोबा म्हणाले, "आमच्याकडं मुक्कामी गाडी कव्हाच नव्हती. ती वरच्या वाडीत. आम्हीच पहाटं उठून चालत जायचो तिला गाठाया." विचारलं, हिराबाई आहेत का तिथे? "हाय ना. तिला काय झालंय? आता दिसत नाय तेवढं."

परतीची शेवटची जीप चुकेल म्हणून वर गेले नाही. खरं सांगायचं तर वेळ होता.


२३ जाने., शुक्रवार

पातेलं पिशवीत घालून पहिल्या गाडीनं घोटी. जीप खालच्या गावापर्यंतच होती. तिथून चालत, तासभर. नदी डाव्या हाताला. शाळा. उंबर. त्याच्याखाली चाकांचे दोन चर अजून आहेत, त्यात गवत उगवलंय. नदीवर जाऊन बसले. पाय पलीकडे टेकतात.

घर कुणीही दाखवलं असतं. हिराक्का ओट्यावर बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, डोळ्यांत मोतीबिंदू, कपाळ मोकळं. मी काही बोलायच्या आधी पातेलं त्यांच्या हातात दिलं. काठावरून बोटं फिरवली, अक्षरांवर थांबल्या.

"मास्तरांनी धाडलं?"

म्हटलं, हो. मी त्यांची बायको.

"मला ठाऊक हुतं. म्हटलं, मास्तर भांडं बुडवायचा नाय. ह्या लतीला किती येळा सांगितलं." लता म्हणजे सून. "सोता का नाय आले? बरे हायेत ना?"

आणि मी म्हणाले, बरे आहेत.

कसं निघालं तोंडातून कळलं नाही. त्या इतक्या खुशीत विचारत होत्या. नंतर मागे फिरता येईना. गुडघे दुखतात का त्यांचे? दुखतात. अजून चहात भाकर बुडवून खातात? खातात. आमच्या घरी कधीच खाल्ली नाही त्यांनी. मला आज कळलं.

नागलीची भाकर, खुरासणीची चटणी. ही चटणी मी एकदा करून बघितली होती. छान झालीय म्हणाले होते आणि निम्मी ठेवली होती. आज चव घेतल्यावर समजलं का ते.

लताच्या मुलीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. हिराक्का म्हणाल्या, हळद दळायला पाच सवाष्णी लागतात, पहिली तू. "मी रांडमुंड, मला जात्याला हात लावता येत नाय. मास्तर माझ्या हातचं इतकी वर्सं जेवला. तू बसलीस म्हंजी मीच बसले. आन त्यांनाबी आन."

लताला म्हणाल्या, कुंकू लाव तिला. उन्हासाठी पदर घट्ट गुंडाळलेला होता, गळा झाकलेला. लता जवळ आली तशी तिला मोकळा गळा दिसला असणार. तिचं बोट थांबलं. मी कपाळ मागे घेतलं नाही. तिनं लावलं. ओटी भरली, तांदूळ आणि नारळ.

वाटेपर्यंत पोचवायला ती आली. मग म्हणाली, "कधी गेले?" सांगितलं.

"मावशी, म्हातारीला आत्ता सांगू नका. तिला लय लागंल. लग्न होऊन जाऊ द्या." मग नदीकडे बघत, "पण हळदीला तुम्ही... माझी एकच पोर हाय. राग मानू नका. तब्येतीचं काहीतरी कळवा."

म्हटलं, राग कसला. मीही आई आहे.

राग आला होता. तिचा नाही.


२४ जाने., शनिवार

सकाळी उशीच्या अभ्र्यावर लाल डाग. धुतला. पूर्ण गेला नाही.


२५ जाने. रथसप्तमी

वंदनाताईंकडे सगळ्या गेल्यावर गेले. वाणाचा डबा मिळाला. त्यांनी विचारलं, कुठे असता हो हल्ली? म्हटलं, नदीवर.


२६ जाने., सोमवार

मनूला फोनवर सगळं सांगितलं. आधी हसली चहातल्या भाकरीला, मग रडली. म्हणाली, राहू दे ना आई तसंच. एका घरात तरी बाबा आहेत.

तेच तर. दिवसभर मनात तेच. वर त्या ओट्यावर ह्यांचे गुडघे दुखतायत, ह्यांच्या नावाचं ताट वाढायचं ठरतंय. इथे तर शर्टसुद्धा देऊन झाले. तब्येतीचं कळवलं की झालं, लताचंही मन राहील, म्हातारीचंही. मी म्हणेन तेवढे दिवस हे वर राहतील.

पण हिराक्का वाट बघतील. भांड्यासाठी पाच-सहा वर्षं बघितली, तशीच. माणूस आला नाही की म्हणतील, मास्तर बदलला. लग्नाला बोलावलं तरी आला नाही. हे मला सहन होईना. मेलेले चालतील, बदललेले नाही.

आणि त्यांना न विचारता त्यांच्या घरचं कुंकू मी लावून आले. त्या स्वतः जात्याला हात लावत नाहीत. त्यांच्यापासून हे लपवायचं म्हणजे...

उद्या ठरवू.


२९ जाने., गुरुवार

दोन दिवस लिहिलं नाही.

मंगळवारी काही केलं नाही. गहू निवडले, वाचनालयाचं पुस्तक बदलून आणलं, एक पानही वाचलं नाही. संध्याकाळी लताला फोन केला, नंबर तिनंच दिला होता. सांगितलं, मी येते आहे, हळदीसाठी नाही, खरं सांगायला. ती म्हणाली, सकाळी या, दुपारी म्हातारी झोपती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं घोटी, तिथून जीप, पुढे चालत वर गेले. हिराक्का ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या, बोटांनी चाचपत. शेजारी बसले. म्हटलं, "अक्का, मास्तर गेले. तीन वर्षं झाली. मी त्या दिवशी खोटं बोलले." त्यांचे हात थांबले. हळदीचा विषय निघाला नाही. मी सूप माझ्याकडे ओढलं, त्यांनी ओढू दिलं, आणि मी खडे काढत बसले. परतीच्या जीपपर्यंत तिथेच होते.