टाक्यांची काळजी

गुरुवार, १२ जानेवारी १९७८. बोरिवली.
काल इस्पितळातून घरी आलो. डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर कोंबडीचे, म्हणून थोडक्यात.
उजव्या कोपराला आतून चीर पाडून नळी थेट हृदयापर्यंत नेली. कॅथेटरायझेशन. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता इंग्रजी शिकलो ते वाया गेले नाही; हा शब्द न अडखळता म्हणणारा अख्ख्या सोसायटीत मी एकटाच. निष्कर्ष : एक रक्तवाहिनी जराशी अरुंद. ऑपरेशन नको, गोळ्या पुरेत. हृदय मजबूत असल्याचे मला आधीच ठाऊक होते, डॉक्टरांना नळी घालून बघावे लागले.
हुकूम : कोपर वाकवायचे नाही. सूज येऊ नये म्हणून हात उशीवर उंच. जिना बंद. निघताना म्हणाले, "टाक्यांची काळजी घ्या." मी म्हटले, साहेब, इतकी वर्षे दुसरे काय करतोय? खालची एक, गच्चीवरची एक, दोन्ही मीच भरतो. डॉक्टर माझ्या बायकोकडे, मथुरेकडे बघू लागले. ती म्हणाली, "सोसायटीचे सेक्रेटरी आहेत हो. पाण्याच्या टाक्यांचं बोलतायत. मनावर घेऊ नका."

शुक्रवार, १३.
पंपाच्या खोलीची किल्ली उशीखाली ठेवली आहे.
दुसऱ्या मजल्यावरचा श्यामसुंदर येऊन गेला. बँकेत आहे, टेरिलीनचा शर्ट घालतो. म्हणाला, "भाऊ, किल्ली द्या ना, तुम्ही पडून राहा." डाव ओळखला. बावीस तारखेला वार्षिक सभा, सेक्रेटरीची निवडणूक, आणि हा माझ्याविरुद्ध उभा. मी म्हटले, त्या पंपाला माझ्या हाताची सवय आहे. व्हॉल्व्ह पुढे फिरवून हलकेच मागे आणावा लागतो, बँकेत शिकवत नाहीत. मान डोलावून गेला.
योजना : दोन दिवसांत टाकी आटेल. लोक बादल्या घेऊन दारात येतील. मग हात गळ्यात अडकवून मी खाली उतरणार आणि डाव्या हाताने बटण दाबणार. सभेची गरजच उरणार नाही.

शनिवार, १४. संक्रांत.
नळाला पाणी आले. कारण उघड आहे. इस्पितळात जाण्याआधी मी टाकी काठोकाठ भरली होती. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.
तिळगूळ घेऊन सगळे येऊन गेले. मी पंपाचा विषय काढी, ते माझ्या हाताकडे बघत. श्यामसुंदर तर पायाच पडला. प्रचार! लाडू मात्र खुसखुशीत. मथुरा आत गेल्यावर आणखी एक खाल्ला.
हात उशीवरून जरा घसरला की मथुरा ओरडते, "हात वर!" पोलिसाने चोराला म्हणावे तसे.

सोमवार, १६.
पाणी अजून आहे. चौथ्या मजल्यावरही म्हणे भरपूर. माझ्या कारकिर्दीत तिथे करंगळीएवढी धार. म्हणजे टाकीतला दाब आता मुरला असावा, लोणच्यासारखा. अभ्यास करायला हवा.
बाकी कैद. पलंग ते गॅलरी, गॅलरी ते पलंग. दाढी मथुरा करते. पायजम्याची नाडीसुद्धा तीच बांधते, आणि गाठ अशी मारते की वेळेला सुटत नाही. आज ओरडावे लागले. "हात वर!" ती तिकडून.

बुधवार, १८.
चंपा आली होती. गोराईची. पूर्वीपासून आमच्याकडे मासळी तीच घालते. मला सध्या सगळे उकडलेले, तेव्हा पाटीतल्या बोंबलांचे नुसते दर्शन. गप्पांत उशीखालची किल्ली तिला दाखवली. चंपा हसायलाच लागली. "भाऊ, त्या किल्लीनं आता कान कोरा! खाली नवीन कुलूप लागलंय कधीच."
मी मथुरेकडे बघितले. मथुरा बोंबलांकडे.
चंपा गेल्यावर म्हणाली, "तुम्ही इस्पितळात गेलात त्याच दिवशी टाकी कोरडी. किल्ली तुमच्या कोटात. कुलूप फोडलं मग. करणार काय?"
मी म्हटले, मग शुक्रवारी तो किल्ली मागायला कशाला आला?
"मीच पाठवला होता. म्हटलं, कुणाला तरी आपली नड आहे असं वाटलं, तर बरं वाटेल तुम्हाला."
जेवलो नाही. म्हणजे थोडेच जेवलो.

शनिवार, २१.
विचारांती निर्णय : ठरावाशिवाय कुलूप फोडणे बेकायदा आहे. उद्या हाच मुद्दा घेणार. सभा खाली अंगणात, आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली. वरून बोललो की वजन येते. तळमजल्यावरचा अंबादास अध्यक्ष आहे. आपलाच माणूस. निम्म्याहून जास्त मते तर खिशात. मथुरेला म्हटले, उद्या शिरा कर. म्हणाली, "करते. कुणीही निवडून आलं तरी शिरा लागणारच."

रविवार, २२. संध्याकाळ.
गॅलरीत खुर्ची टाकली. कठड्यावर उशी, उशीवर हात. भाषण सुरू केले. खालून "मोठ्यानं! मोठ्यानं!" मोठ्याने बोलायला डॉक्टरांची मनाई. कुलुपाच्या मुद्द्यापर्यंत येतो तोवर लोक शेंगा खाऊ लागले.
अंबादास उठला. "नावं दोन. आधी श्यामसुंदर. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." काही हात वर झाले. बरेचसे घुटमळत होते, माझ्याकडे चोरून बघत होते. आपलीच माणसे! मी तुच्छतेने हात कठड्यावरून काढून मांडीवर घेतला.
आत स्वयंपाकघरातून मथुरेचा आवाज आला, "हात वर!"
गेला. आठवडाभराची सवय. ताठ, खांद्याच्याही वर.
अंबादास ओरडला, "अरे, भाऊंचाही हात वर!" घुटमळणारे सगळे हात धडाधड वर गेले. एकमताने. टाळ्या थांबेनात. कुणीतरी म्हणाले, मन असावं तर असं. श्यामसुंदर डोळे पुसत होता. मग मलाही हात खाली घेववेना.
शिरा वाटला. बरा झाला होता.
एक गोष्ट आत्ता लिहिताना लक्षात आली. स्वयंपाकघरातून गॅलरी दिसत नाही.

सोमवार, २३.
टाके काढले. डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, "पंप छान चाललाय." मी म्हटले, हो, चौथ्या मजल्यापर्यंत.
आता हात खाली ठेवला तरी चालेल म्हणाले. काल सांगायला काय झाले होते?