आतून कोण धरतंय

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ही वही. धाकटा भाऊ स्टेशनवर न्यायला आला होता आणि मला बघून चक्क हसला. गेलं वर्षभर फोनवर त्याच्या तोंडून ‘हं’ आणि ‘बघू’ यापलीकडे शब्द निघत नव्हता. बायको गेली आणि पठ्ठ्यानं अंथरूण धरलं ते धरलंच. नोकरी सोडली, दाढी वाढवली, दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की याला एकटं ठेवू नका, हा जिवाचं काहीतरी करून घेईल. म्हणून मी बिऱ्हाड गुंडाळून इथं आले. मलाही कोण थांबवणार होतं? ना नवरा, ना पोर, आणि रेक्टरच्या नोकरीतूनही मोकळी झालेय.

घर त्यानं दोन महिन्यांपूर्वी भाड्यानं घेतलंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे वाळूचं अंगण. आणि अंगणात होडी! घराबरोबरच आली. घरमालक म्हणाला होता, ठेवा नाहीतर जाळा. जुनी, लहान, दोन माणसांची मासेमारीची होडी. दोन जाड ओंडक्यांवर पालथी घातलीय, पोट आभाळाकडे. कुजलेली फळी काढायची, तिच्या मापाची नवी बसवायची, असं धाकट्याचं काम चालतं. महिनाअखेर पाण्यात सोडणार म्हणतो. दाढी केलीय. दोनदा वाढून घेतलं जेवताना. भांडी घासताना नळ मोठा सोडून मी जरा रडून घेतलं.

८ फेब्रुवारी

चार दिवसांत स्वयंपाकघर माझ्या हाताखाली आलं. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, चाळणी सापडली, झुरळांना नोटीस दिली. धाकटा म्हणतो, ताई, हे घर आहे, होस्टेल नाही. मी म्हटलं, तुझ्यासारखं एक कार्टं असलं की होस्टेलच होतं.

नऊ ते एक त्याची ठोकाठोकी चालते. मी खिडकीशी भाजी चिरत ऐकते. बोलतही असतो काम करताना. मधेच थांबतो, मग हसतो. हसतोय ना, मग बोलेना का होडीशी.

११ फेब्रुवारी

तीस वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलंय मी. कोण कुणाशी बोलतंय हे मला भिंतीपलीकडून कळतं. एकटा बोलणारा माणूस उत्तरासाठी थांबत नाही, आणि हा थांबतो. अगदी वाक्याएवढा थांबतो, मग त्यावर बोलतो.

पाणी कुठंतरी मुरतंय. माझा संशय समोरच्या शिंपीणबाईंवर आहे. दिवसभर त्यांचं मशीन खडखडत असतं आणि आपल्याकडे ठोकाठोकी सुरू झाली की नेमकं बंद पडतं. बाई वाईट नाहीत. दात जरा पुढे आहेत, पण त्याला काय, माझे तरी कुठे सरळ आहेत? या वयात त्याला कोणी भेटलं तर मी पहिली टाळ्या वाजवीन. पण लपवायचं कशाला? तेही माझ्यापासून?

१३ फेब्रुवारी

आज म्हातारा होडीसुतार लाकूड दाखवायला आला होता. धाकटा तेव्हा आरागिरणीत गेलेला. म्हाताऱ्यानं होडीवरून हात फिरवला, नव्या फळ्या बोटांनी वाजवल्या आणि खूश झाला. मग खाली वाकून आत बघितलं आणि मला विचारलं, आतून धरतं कोण?

मला कळेना. मग त्यानं समजावलं. हे खिळे नुसते ठोकून भागत नाही. बाहेरून एकानं हातोडा मारायचा आणि त्याच वेळी आत बसून दुसऱ्यानं जड लोखंडी ठोकळा खिळ्याच्या टोकावर दाबून धरायचा. मग टोक वळतं आणि लाकडात परत रुतून बसतं. आत कोणी नसेल तर खिळा डुलतो, आवाज बोदा, फुटक्या मडक्यासारखा येतो. माणसाचा हात बाहेरून आतपर्यंत पुरतच नाही, म्हणून एकट्याचं हे काम नव्हेच, असं त्याचं म्हणणं. आणि इथं तर शंभरावर खिळे अगदी एका ओळीत वळलेत.

मी म्हटलं, इथं माझा भाऊ एकटाच काम करतो. म्हाताऱ्यानं होडीवरचा हात काढून घेतला. जाता जाता सांगून गेला की या होडीचा जुना मालकही एकटा राहायचा. पण समुद्रावर लांबून बघितलं की होडीत कायम दोघं दिसायचे, किनाऱ्याला लागताना मात्र एकच. शेवटी एकदा उतरला तेव्हा त्यानं सुताराला, तीस वर्षांच्या मित्राला, ओळख दिली नाही. चार दिवस घरात वावरला आणि दार सताड उघडं टाकून निघून गेला.

म्हाताऱ्या माणसांना गोष्टी सांगायची हौस असते. शिंपीणबाईच धरत असणार.

१४ फेब्रुवारी

आज पाळत ठेवली. एका खिडकीतून अंगण दिसतं, पुढच्या दारातून शिंपीणबाईंचं दुकान. साडेदहाला बाई दुकानात होत्या, तोंडात दोरा धरून सुई ओवत होत्या. त्याच वेळी मागून धाकट्याचा आवाज आला: धर. मग ठोका पडला. खणखणीत, अजिबात बोदा नाही.

चहाचं निमित्त करून अंगणात गेले. होडीच्या मागच्या बाजूला वाळू उकरून आत शिरायला वाट केलीय. वाकून बघितलं. आत कोणी नाही. वाळूत ठोकळा पडला होता. उचलला तर गरम. मार खाऊन लोखंड तापतं, हे मलाही कळतं. पण खालची वाळू बसकी होती, कोणीतरी रोज बसावं तशी.

धाकट्यानं चहा घेतला आणि म्हणाला, वा, आज बाहेर येऊन देतेस! मी रिकामा कप घेऊन घरात आले.

१७ फेब्रुवारी

तीन दिवस गिळून ठेवलं होतं, आज विचारलंच. सरळ म्हटलं, आत कोणाला बसवतोस? शिंपीणबाई असतील तर सांग, मी काही खात नाही त्यांना.

तो हसायला लागला. ताई, काय चेष्टा करतेस, म्हणाला. रोज तूच तर धरतेस.

म्हणे मी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आतून हाक मारली, की मी धरते, तू मार. तेव्हापासून रोज. तो ‘धर’ म्हणतो, मी आतून म्हणते, “हं, धरलं. मार आता.” आईच्या गोष्टी काढते. कोपर सरळ ठेव म्हणून ओरडते. काम संपलं की तो हात धुवायला वळतो आणि मी स्वयंपाकघरात असते.

मी त्या होडीखाली एकदाही गेलेली नाही. गुडघे धरलेत माझे, मी मोरीत वाकत नाही! हे मी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

१९ फेब्रुवारी

दोन दिवस उठला नाही. भिंतीकडे तोंड. पाणीसुद्धा मी चमच्यानं पाजलं. रात्री त्याची ब्लेडं, गोळ्या, दोरखंड सगळं माझ्या बॅगेत घालून कुलूप लावलं. मला भीती वाटते. होडीची वाटतेच, पण त्याहून जास्त या पाठीची, जी माझ्याकडे वळतच नाही.

२० फेब्रुवारी

खोटं बोलले. म्हटलं, अरे वेड्या, चेष्टा केली तुझी. मीच धरत होते. तू इतका भित्रा असशील असं वाटलं नव्हतं.

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, ताई, असली चेष्टा पुन्हा नको. उठला, दाढी केली, जेवला.

आता खोटं खरं करणं आलं. उद्यापासून आत मी बसणार. जागा रिकामी राहिली नाही तर दुसरं कोणी येणार कुठून?

२१ फेब्रुवारी

बसले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, पण बसले. एकदा आत शिरलं की जेवणापर्यंत बाहेर निघणं नाही, म्हणून वहीही आत घेऊन आलेय. तो फळीला रंधा मारतोय तोवर लिहितेय. दोन फळ्या बसवायच्या राहिल्यात, त्या फटींतून उजेड येतो. आत वास कसला तर ओल्या कपड्यांचा.

वाळूतल्या त्या खळग्यात मी नीट मावले. जराही हलावं लागलं नाही.

काम छान झालं. फक्त धाकटा म्हणाला, ताई, आज तुझा हात ढिला पडतोय. आणि आधी किती बोलायचीस, आज गप्प का?

२३ फेब्रुवारी

मी आत, धाकटा बाहेर. आणि स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. मग कपबशी वाजली.

एक वाजता आम्ही दोघं घरात गेलो तर चहा तयार. दोन कप, झाकून. धाकटा प्यायला आणि म्हणाला, तुझ्या हातची चव काही जात नाही. मी माझा ओतून दिला.

तडक समोर गेले. शिंपीणबाईंना विचारलं, तुम्ही आला होतात का आमच्याकडे? त्या म्हणाल्या, नाही बाई. उलट अकराच्या सुमाराला तुम्हीच दारात उभ्या होतात, मी हात केला, तुम्हीही केलात.

अकरा वाजता मी होडीखाली होते.

२४ फेब्रुवारी

म्हटलं, आपण इथून जाऊ. आजच. तो म्हणाला, एक फळी राहिलीय ताई. बारा खिळे. एवढं होऊ दे, मग तू म्हणशील तिथं येतो. पहिल्यांदाच ‘येतो’ म्हणाला. नाही म्हणवेना मला.

बारा खिळे. उद्या दुपारपर्यंत. बॅगा भरून ठेवल्यात.

२५ फेब्रुवारी

आत बसलेय. खिळे कमी पडले म्हणून धाकटा दुकानात गेलाय. दहा मिनिटांत येतो म्हणाला. बाहेर निघून पुन्हा शिरायचं म्हणजे गुडघ्यांची शिक्षा, म्हणून इथंच थांबले. वर फटीतून पट्टीएवढं आभाळ दिसतंय.

कोणीतरी चालतंय. घरातून अंगणात. स्लिपरा फटफटतायत. माझ्यासारख्या—

फळ्या ओढल्याचा आवाज. जुन्या फळ्यांची थप्पी. मागची वाट बंद झाली. ढकलून पाहिलं. हलत नाही.

फाटक वाजलं. धाकटा आला! त्यानं हाक मारली, ताई—

आणि बाहेरून कोणीतरी ओ दिली. माझ्या आवाजात. किती वेळ रे, म्हणाली, आणि पाय झटकून ये.

तो विचारतोय, तू बाहेर, मग आत कोण? ती सांगतेय, शिंपीणबाईंना बसवलंय, माझे गुडघे दुखतात. लाजतात त्या, तू उगाच बोलू नकोस त्यांच्याशी. तो हसला. किती दिवसांनी असा मोकळा—

ओरडले. सगळा जीव काढून ओरडले, धाकट्या, मी आत आहे— तोंडातून निघालं ते एवढंच: हं, धरलं. मार आता.

पुन्हा. तेच. दुसरा शब्दच येत नाही.

फळी ठेवली. उजेड अर्धा गेला.

धरायचंच नाही. ठोकळा टाकून दिला. आवाज बोदा येईल, त्याला कळेल, वाकून बघेल तो—

खणखणीत. दुसरा. तिसरा. तोही खणखणीत.

उजव्या हातात पेन आहे. डावा मांडीवर ठेवला होता. तो वर आहे. ठोकळा धरून. खाली येत नाही—

सात झाले. अक्षर दिसत नाही आता.

ती म्हणतेय, उद्या पहाटे पाण्यात सोडू. आपण दोघंच. खोल पाण्यात जाऊ. तो म्हणतोय, तू असलीस तर मला कसली भीती.

अरे नको. नको रे. तुला पोहता येत नाह—