दीड वेटोळं

॥ श्री ॥
उल्हासनगर, कॅम्प ४
१२ ऑक्टोबर २०२४

चि. तेजल हिस बबनमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तारीख घालायला विसरलीस, शिक्क्यावरून लावून घेतली. फोन न करता लिहितेस हे बरं करतेस. पंचवीस वर्षं लेथजवळ बसून कान गेले आहेत. फोनवर मी निम्मं ऐकतो आणि निम्मं मनानं भरतो.

तुझ्या क्लबच्या हेमचंद्र सरांनी निवडायला म्हणून आईबरोबर पाठवलेल्या रायफलच्या तिन्ही साइट पाहिल्या. तुमच्या खेळात दुर्बीण चालत नाही, बारीक भोकातून नेम धरायचा, हे मला आधी ठाऊक नव्हतं. आता सगळं वाचून काढलं आहे. ग्रॅनाइटच्या पाट्यावर एकेक साइट बसवली, केसाएवढं हललं तरी काट्यानं दाखवणारा डायल गेज लावला, नेम सरकवायची चकती टकटक करत दहा टिचक्या उजवीकडे, दहा डावीकडे. पहिली परत जागेवर येतच नाही. तिच्यावर नाव मोठं कोरलंय, तेवढंच. दुसरीची टिचकी कधी मोठी, कधी छोटी. तिसरी, जुनी, काळा रंग उडालेली, ती मात्र दहादा फिरवली तरी काटा शून्यावर. सरांचंही मत तिसरीचं आहे असं लिहितेस. म्हणजे माणूस अगदीच कच्चा नाही. तीच ठेव, पैसे मी भरतो, माझ्याकडून तुला.

एकच खोट होती. चकती फार जड फिरत होती. खोलून पाहिलं तर आतली स्प्रिंग गरजेपेक्षा दांडगी. आपल्या डायल गेजमध्ये स्प्रिंग जितकी हलकी तितकं माप खरं. दीड वेटोळं छाटलं. आता लोण्यासारखी फिरते. समोरच्या दुकानातला सिंधी नरेंद्रसेठ फिरवून म्हणाला, साईं, परदेशातला कारखाना तुझ्याकडे शिकायला यायला पाहिजे. मी म्हटलं, नववी पास माणसाकडे कोण येतंय.

सामन्याला मन लावून नेम धर. दाजींना नमस्कार सांग, आणि मामावरचा लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवून डोक्यावर बसवू नकोस.

तुझा
बबनमामा

बेलवली, बदलापूर (प.)
९ नोव्हेंबर २०२४

ती. बबनमामांस तेजलचा शि. सा. नमस्कार.

तारीख घातली आहे, बघा.

सामना झाला. ५९६.३. पुढे जायला ६०५ लागत होते. रोज सरावाला ६०८-६१० व्हायचे, म्हणून सगळ्यांना नवल वाटलं. पहिल्या दहा गोळ्या छान लागल्या. मग गोळ्यांचा गट थोडा डावीकडे गेला म्हणून मी दोन टिचक्या दिल्या, तर तो जास्तच उजवीकडे गेला. दोन परत घेतल्या, तर हललाच नाही, आणि चार गोळ्यांनंतर आपोआप सरकला. शेवटी शेवटी मी टिचकी द्यायलाच घाबरत होते.

मामा, राग मानू नका. सर विचारत होते की साइट कोणी खोलली होती का. मी म्हटलं, आमच्या मामांनी, पण ते मापाच्या यंत्रांचेच कारागीर आहेत. तुम्ही एकदा तपासून पाहाल का? रविवारी मी घेऊन येऊ शकते.

मामींना नमस्कार. सुयोगदादाला म्हणावं, साखरपुड्यात मला पुढची खुर्ची. माया असू द्या.

तुमची
तेजल

॥ श्री ॥
उल्हासनगर, कॅम्प ४
१४ नोव्हेंबर २०२४

चि. तेजल हिस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मी राग मानत नाही, पण स्पष्ट लिहितो. हार झाली की माणूस आधी हत्याराकडे बोट दाखवतो. माझ्याकडे कारखान्यांतून रोज माणसं येतात आणि सांगतात, गेज खोटं दाखवतो. शंभरात नव्वद वेळा गेज बरोबर असतो आणि हात थरथरत असतो. ती साइट मी दहादा मोजली आहे. काटा शून्यावर होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून डोळे तपासून घे. तासन् तास मोबाइल पाहिल्यावर नजर काय राहणार. आणि हेमचंद्र सरांना माझा निरोप दे की खोलणारा कोण हे विचारण्याआधी स्वतः कधी एखादं यंत्र खोलून परत जोडलं आहे का ते सांगावं.

साइट आणायची गरज नाही.

बबनमामा

बेलवली, बदलापूर (प.)
१६ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,
संजीवनीचा सा. न. वि. वि.

तू मोठा भाऊ, म्हणून एवढे दिवस गप्प बसले. आज लिहिते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेजलला तपासलं. नजर अगदी स्वच्छ आहे, चष्म्याचाही प्रश्न नाही म्हणाले. तरी सुयोगच्या साखरपुड्यात अंबरनाथला चाळीस माणसांच्या पंगतीत तू मोठ्यानं म्हणालास की यंत्रात खोट नाही, पोरीच्या नजरेत आहे. तू हसत म्हणालास, लोकही हसले. तेजल माझ्या शेजारी वाढत होती. हातातली जिलबीची परात खाली ठेवून ती बाहेर गेली.

त्या दिवसापासून रायफल पेटीत आहे आणि पेटी पलंगाखाली. यांनी तर आधीपासूनच हा खेळ पुरे म्हणून धरलं होतं; आता म्हणतात, खुद्द मामाच म्हणतो तिला दिसत नाही, मग मी काय करू. पुढच्या सामन्याचा फॉर्म भरायची शेवटची तारीख १० जानेवारी आहे. सर दोनदा घरी येऊन गेले. ती आतून बाहेर आली नाही.

साइट तिनं काढून ठेवली होती, ती या पत्राबरोबर शेजारच्या तुषारच्या हाती पाठवते. तुझी वस्तू तुझ्याकडे असू दे. तू तपास म्हणून नव्हे. घरात नको म्हणून.

वहिनीला विचारलं आहे म्हणून सांग. भाऊबीजेला दिलेली साडी साखरपुड्याला नेसले होते, तुझं लक्ष नव्हतं. बहिणीचा विसर पडू देऊ नकोस.

तुझी
संजीवनी

उल्हासनगर, कॅम्प ४
४ जानेवारी २०२५

चि. तेजल,

वर श्री घातला नाही, आशीर्वादही लिहिला नाही. हात धजत नाही. आधी हकीकत वाच.

आईनं पाठवलेली साइट १७ तारखेला मिळाली. मी ती तपासायला घेतली ती तुझ्यासाठी नव्हे. सगळ्यांना दाखवायला घेतली की बघा, काटा शून्यावर. पाट्यावर बसवली. दहा टिचक्या उजवीकडे, दहा डावीकडे. काटा शून्यावर आला नाही. आठ शतांश मिलिमीटर अलीकडे थांबला. वाटलं गेज खराब. दुसरा लावला. तोही आठ. मग साइटला बोटानं हलकेच टिचकी मारली, तर काटा सरकून पाचवर आला. पुन्हा मारली, दोनवर.

आठ शतांश म्हणजे केसाएवढं. पण ते भोकाशी. दहा मीटरवर गोळी पोचेपर्यंत त्याचा एक मिलिमीटर होतो. तुझा दहाचा ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरचा. तू लिहिलं होतंस की दोन टिचक्या परत घेतल्या तर हललं नाही आणि चार गोळ्यांनंतर आपोआप सरकलं. जसंच्या तसं. तू पाहिलंस तेच लिहिलं होतंस, आणि मी तुला डोळे तपासायला सांगितलं.

आता चूक कुठे झाली ते. डायल गेजची स्प्रिंग हलकी लागते, कारण तिनं कामावर दाब द्यायचा नसतो. साइटची स्प्रिंग दांडगी लागते, कारण स्क्रूच्या आट्यांमधली मोकळीक तिनं दाबून धरायची असते. जड फिरणं ही खोट नव्हती, तेच तिचं काम होतं. मी माझ्या धंद्याचं शहाणपण तिच्यावर लादलं आणि दीड वेटोळं छाटलं.

याहून वाईट पुढे आहे. दहादा मोजलं ते छाटायच्या आधी. छाटल्यावर मोजलंच नाही. नुसती बोटानं फिरवून पाहिली, नरेंद्रसेठला दाखवली आणि डबीत घातली. दुसऱ्याच्या हातचं काम मी कधी मोजल्याशिवाय घेतलं नाही. माझं स्वतःचं होतं म्हणून मोजायची गरज वाटली नाही.

आणि त्याहून वाईट हे की १७ डिसेंबर ते ४ जानेवारी हे अठरा दिवस मी गप्प बसलो. त्याच संध्याकाळी नवी स्प्रिंग बसवली, काटा शून्यावर आला. सहा दिवसांनी तुला एक पत्र लिहिलं की साइटची सर्व्हिसिंग केली आहे, आता नव्यानं सुरुवात कर. तेवढंच. छान मोठ्या मनाचं पत्र होतं. तुझ्या मामीनं वाचलं आणि विचारलं, सर्व्हिसिंग म्हणजे काय झालं होतं. मी पत्र फाडलं, पण दुसरं लिहायला आणखी बारा दिवस घेतले. तुझी शेवटची तारीख जवळ येते आहे हे माहीत असून घेतले.

साइट सोबत पाठवतो. माझ्यावर विश्वास ठेवून लावू नकोस. सरांकडून तपासून घे. त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता असं त्यांना सांग. फॉर्म मात्र भर. तुझ्या नजरेत काही नाही. खोट माझ्या हातात होती.

बबनमामा

बेलवली, बदलापूर (प.)
८ जानेवारी २०२५

ती. बबनमामांस नमस्कार.

पत्र वाचलं. रडले. मग रायफल बाहेर काढली, पुसली. फॉर्म काल भरला. सामना २ फेब्रुवारीला आहे, म्हणजे सुयोगदादाच्या लग्नाच्याच दिवशी. मी लग्नाला येणार नाही. दादाला मी फोन करून सांगितलं, तो म्हणाला जा, वरातीत नाचणारे पुष्कळ आहेत.

तुम्ही सगळं खरं लिहिलंत, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मामा, पत्र मी एकटी वाचते. साखरपुड्यात ऐकणारे चाळीस होते. परवा वांगणीच्या राजाबाई आत्या आल्या होत्या, त्यांनी आईला कुठल्याशा डोळ्यांच्या काढ्याचं सांगितलं, माझ्यासमोर. बाबांनी फॉर्मवर सही दिली, पण बघू आता म्हणत, पैज लावल्यासारखी दिली.

मला आणखी काही नको. एवढंच कळवते.

तेजल

उल्हासनगर, कॅम्प ४
३ फेब्रुवारी २०२५

चि. तेजल,

काल लग्न पार पडलं. घर अजून आवरलेलं नाही, पाहुणे पेंगत आहेत, तेवढ्यात लिहायला बसलो आहे.

जेवणाच्या वेळी मी माइक घेतला. व्याह्यांना वाटलं मानपानावरून काही बिनसलं, ते ताटावरून उठून उभे राहिले. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं की साखरपुड्याला मी माझ्या भाचीबद्दल जे बोललो ते खोटं होतं. साइट मी बिघडवली, दोष तिला दिला, आणि कळल्यावर अठरा दिवस लपवलं. वाटलं होतं सगळीकडे शांतता पसरेल. तसं काही झालं नाही. मागे पोरं मठ्ठा मागत होती. दोघातिघांनी साइट म्हणजे कुठलं प्लॉटचं काम, असं विचारलं. सुयोग मान खाली घालून बसला होता. कोणी हळूच म्हणालं, वरबापाला बाजूला न्या, दमलाय.

तेव्हा मी खाली उतरलो आणि एकेका ताटापाशी जाऊन सांगायला लागलो. राजाबाई आत्यापाशी गेलो तर ती म्हणाली, म्हणजे पोरगी धडधाकट आहे? मग तिला मागणी घालणाऱ्या नेरळच्या त्या चांगल्या माणसांना मी पोरीला धड दिसत नाही म्हणून सांगून बसले, त्याचं आता काय. मी पंगतीत एकदा हसलो होतो, ते नेरळपर्यंत गेलं. कुठकुठे गेलं असेल ते मला मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही असं माझ्या आयुष्यात फार थोडं आहे.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं. हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, पोरगी नोव्हेंबरात हेच सांगत होती, मी तिचं न ऐकता यंत्रवाल्या माणसाचं ऐकलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साखरपुड्याच्या चाळिसांपैकी काल एकोणतीस जण भेटले. अकरा राहिले. नावं लिहून काढली आहेत, पत्त्यांसकट. दर रविवारी निघणार. येत्या रविवारी वांगणी, आत्याला घेऊन तिथून नेरळ.

सामन्यात काय झालं ते विचारत नाही. तो हक्क मी गमावला आहे.

बबनमामा

बेलवली, बदलापूर (प.)
६ फेब्रुवारी २०२५

ती. बबनमामांस शि. सा. नमस्कार.

६०७.८. आठ जणी पुढे गेल्या, त्यांत मी सातवी.

तुमची साइट हेमचंद्र सरांनी तपासली, बरोबर आहे म्हणाले. पण मी क्लबचीच लावली होती. तुमची हातात घेतली की टिचकी देताना बोट अडायचं. पुढे कधी लावेन की नाही, आज सांगता येत नाही. सर म्हणाले, तुझे मामा एकदा रेंजवर येतील का, आमच्याकडे सहा साइट तशाच पडून आहेत, पण खोलायच्या आधी आणि जोडल्यानंतर, दोन्ही वेळा मोजायला लावीन.

बाबा सामन्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलले. काय बोलले ते माझ्याजवळ राहू दे.

तुमच्या यादीत अकरा नावं आहेत. बारावं राहिलं. मलाही तुम्ही अजून तोंडानं काही सांगितलेलं नाही, मामा. नुसतं लिहिलंत. रविवारी वांगणीला जाताना बदलापूर वाटेतच लागतं.

उतरा.

तुमची
तेजल