सोडलेल्या दोऱ्या

३ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ऐकून उडीच मारशील! इथल्या मोठ्या दुकानाने आपल्या गटाचा ताडगूळ, चटया आणि कुंचले वर्षभर घ्यायचं कबूल केलंय. तुम्हा सात बायकांना बारा महिने काम, आणि एकही ताड तोडायचा नाही. घोडं अडलंय फक्त गुळासाठी लागणाऱ्या रसावर. अण्णा तिसातली दहा झाडं दोरी बांधून विश्रांतीला ठेवतात. आपण पोरांनी विचारलं तर साफ नाही म्हणतील. तू आपली गुपचूप पाच दोऱ्या सोड ना! एवढं कर आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बारक्या

१९ जानेवारी

चि. बारक्यास अ. उ. आ.

काम असलं की बरी ताई आठवते रे तुला! सोडल्या पाच दोऱ्या. अण्णांना आता नीट दिसत नाही. बुंध्यावर हात फिरवतात, दोरी लागली की पुढे जातात, नाही लागली की चढतात. काल एका झाडापाशी थबकले. हे मी बांधलं होतं ना, असं विचारलं. मी नाही म्हटलं खरं, पण जीभ अडखळली. रस मात्र भरपूर आलाय, बायका खूश आहेत. वेळेवर जेवत जा आणि आठवण ठेव.

तुझी ताई

६ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. उ. आ.

परवा अण्णा विहिरीजवळच्या ताडावरून पडले. डॉक्टर फारशी आशा दाखवत नाहीत. शेंडा भुंग्यांनी पोखरला होता, धरलेला देठच हातात आला. ती दोरी विश्रांतीची नव्हतीच रे! त्या झाडावर चढायचं नाही म्हणून त्यांनी बांधली होती, आणि मी सोडली. का बांधली, हे विचारायचं आपल्याला सुचलंच नाही.

आल्यागेल्याला अण्णा सांगतात की दोरी बांधायची मीच विसरलो, म्हातारपणी डोकं चालेनासं झालं. मला ऐकवत नाही. सांगून टाकू का त्यांना? लगेच कळव.

तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

पत्र आत्ताच मिळालं. दोरी सोडायला मी सांगितलं, तू सगळं स्वतःच्या माथी का घेतेस? रविवारी सकाळी पोहोचतो. दोघं मिळून त्यांचे पाय धरू. तोवर एकटीने काही बोलू नकोस, माझी शपथ आहे.

तुझा बारक्या

१३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

चटया घेऊन येणाऱ्या मावशीच्या हाती हे देतेय, तू निघायच्या आत मिळावं म्हणून. अण्णा काल दुपारी गेले. तुझी शपथ होती म्हणून मी थांबले रे.

पाचही दोऱ्या पुन्हा बांधल्यात. वीसच झाडांचा माल मिळेल, असं दुकानाला सांगून ये. गटातल्या बायकांचंही तेच म्हणणं आहे.

जाण्याआधी अण्णांनी मला जवळ बोलावलं. माझा हात हातात धरून म्हणाले, की आता झाडं तूच बघ, आणि दोरी बांधायला माझ्यासारखी विसरू नकोस. मी बरं म्हटलं.

तुझी ताई