ओरडलेला आकडा

भोपाळ, मंगळवार, संध्याकाळ

अजून कानशिलं गरम आहेत. टाउनशिपच्या शाळेतल्या जोशीबाई दरवर्षी तोच जुना ब्लाउज मापाला पाठवतात. आज स्वतः आल्या. म्हटलं, "बाई, हा काखेत उसवलाय. नवं माप घेऊ?"

पदर ओढून म्हणाल्या, "नको मास्टरजी. तुम्ही आकडा ओरडता."

मी? ओरडतो?

ओरडतोच की! आत कापड कापणाऱ्या कटरला ऐकू जावं म्हणून "बेचाळीस!" आणि बाकावरच्या साऱ्या बायका वळून बघतात. समोरच्या पानटपरीवरची कुजबुज टिपणारे माझे कान, आणि वीस वर्षं स्वतःचा आवाज ऐकला नाही?

"फळ्यावर वरच्या ओळीत मी लिहीतच नाही," बाई म्हणाल्या. "हात उचलला की शिवण जाते." आणि हे हसत सांगितलं. हसत!

कटरला चहाला पिटाळलं. माप घेतलं, आकडा चिठ्ठीवर लिहून त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, "छातीला टक्सच्या चुण्या वाढवतो, काखेत मोकळं ठेवतो. न्यायच्या आधी हात वर करून बघायचा."

त्यांनी चिठ्ठी वाचली.

"एवढाच? तुमच्या तोंडून केवढा मोठा वाटतो हो!"