बाहेरची पट्टी

कोरीट, ४ नोव्हेंबर

ती. हेमकांतदादास,
सा. न. वि. वि.

मोबाईल आपटून फुटला, म्हणून पत्र. हसू नकोस, शाळेत माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं होतं.

घरभरणीला तू सुरतेहून आणून बसवलेलं दार, वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी आकड्यांनी चौकटीत अडकणारं, चोराने फोडलं. दोन आकडे वाकलेत, किल्ली फिरत नाही. यांचं म्हणणं, नवं कुलूप दोन्हीकडून किल्लीचंच पाठव. हँडल ते किल्ली ब्याण्णव मिलिमीटर. हँडलची आतली पट्टी ठेचून गेलीय, म्हणून बाहेरच्या पट्टीवरून माप घेतलं. ती नवीसारखी आहे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी प्रतिभा

सुरत, ९ नोव्हेंबर

चि. सौ. प्रतिभास,
अ. उ. आ.

दाराच्या कडेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचं अंतर आणि कडेच्या पट्टीची लांबीही हवी. एक माप चुकलं तरी आकडे चौकटीत बसत नाहीत.

पण बाई, बारा वर्षं कुलपं बसवतोय मी. चोर बाहेरून फोडतो. मग ठेचलेली पट्टी आतली कशी? आतून घाव कोण घालत होतं? खरं लिही.

तुझा दादा

कोरीट, १५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मीच घालत होते. यांनी मला तीन दिवस कोंडून किल्ली खिशात घातली होती. पहारीने दार फोडून बाहेर पडले, तर ओट्यावर हेच उभे. तीच पहार हिसकून माझा डावा हात मोडला. सासूबाई मध्ये पडल्या, त्यांचे दोन दात पाडले. आधीचं पत्र यांनी समोर उभं राहून लिहवून घेतलं.

आता पोलिसांत तक्रार दिलीय, हे शहाद्याला पळालेत. माहेरी ये म्हणू नकोस. घर माझ्या नावावर आहे, मी का जाऊ? कुलूप आतून नुसती मूठ फिरवून उघडणारं आण, बाहेरून नव्या किल्लीचं. कडेपासून पस्तीस, पट्टी सतराशे सत्तर. लवकर ये.

तुझी प्रतिभा

कोरीट, २ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू कुलूप बसवून गेलास आणि आठव्या दिवशी, भरदुपारी, हे कुऱ्हाड घेऊन आले. अकरा घाव मोजले. शिव्या, मग रडणं, मग पुन्हा घाव. रडणं ऐकून माझा हात मुठीकडे गेला, खोटं कशाला बोलू? सासूबाईंनी तो धरला. पोटचा मुलगा असूनही म्हणाल्या, उघाडू नको बेटी, मन्हा पोऱ्या शे म्हनीसन उघाडू नको.

गावकऱ्यांनी यांना धरून पोलिसांच्या हवाली केलं. तिन्ही आकडे जागच्या जागी आहेत. एक हँडलची पट्टी तेवढी पाठव, माप तुझ्याकडे आहेच. या खेपेला बाहेरची ठेचलीय, आतली नवीसारखी आहे. सासूबाईंचे तुला आशीर्वाद, माझी माया नेहमीचीच.

तुझी प्रतिभा