आठवडाभराची धार

३ मार्च, रविवार. सकाळी १०
ही काल परत आली. सोळा दिवस बहिणीकडे होती. साडूने दारापर्यंत आणून सोडलं, पण आत आला नाही. चहा विचारला तर म्हणे उशीर होतोय. माणसाला मॅनर्स नसले की नसतात.

हिची अट एकच. घरात पुन्हा एकदा काही उडालं, की ती कायमची जाणार. म्हटलं, मंजूर. मुळात मी फेकतच नाही. माझ्या हातून वस्तू निसटतात. बारा वर्षं टूल रूममध्ये काम करतोय, हाताला तेल असतं. मागच्या महिन्यात सुरी निसटली तेव्हा हीच मध्ये आली. कोपराला तीन टाके. तीनच.

संकल्प : १) रागवायचं नाही. २) रागवायचंच झालं तर हातातलं आधी खाली ठेवायचं. ३) प्रेम व्यक्त करायचं.

लोक फुलं देतात. दोन दिवसांत माना टाकतात ती. मी कारागीर माणूस, मी धार देणार. दर रविवारी घरातल्या चारही सुऱ्यांना, स्वतःच्या हाताने. आज लावली. माझी टेस्ट साधी : पिकलेला टोमॅटो न दाबता कापला गेला पाहिजे. कापला गेला. हिला दाखवला. छान म्हणाली, टोमॅटोकडे न बघता.

बॅग अजून उघडलेली नाही हिने. दारामागे तशीच पडली आहे. आळस, दुसरं काय! पण बोललो नाही. संकल्प १.

५ मार्च, मंगळवार
टोमॅटो टेस्ट. नापास. सुरी टोमॅटोवर नुसती लोळते. चारही सुऱ्या तशाच. दोन दिवसांत? माझी धार महिना महिना टिकते, अख्ख्या वर्कशॉपला विचारा. हिला विचारलं, एवढं कापतेस तरी काय. म्हणाली, कांदे-बटाटे. म्हटलं, बटाटे दगडाचे आहेत का.

आवाज थोडा चढला असेल. हातात प्लेट होती. नियम आठवला, प्लेट खाली ठेवली. अंमळ जोरात. तीन तुकडे झाले. पण उडाली नाही! तुकडे हिने गोळा केले. म्हणाली, खाली ठेवलीत म्हणून ही प्लेट अटीत धरत नाही. समजूतदार आहे, यात वाद नाही.

१० मार्च, रविवार
आज दोन दगड. आधी खरखरीत, मग बारीक, शेवटी चामड्याचा पट्टा. मनगटावरचा केस तुटत होता. हिला म्हटलं, याला म्हणतात प्रेम. हो म्हणाली, आणि पालेभाजी हाताने तोडत बसली. चार-चार सुऱ्या समोर असताना! काय बोलणार, कपाळ.

१२ मार्च, मंगळवार
पुन्हा बोथट. संशयित दोन. एक, पोलाद. दोन, शेजारच्या काकू. अधूनमधून सुरी उसनी नेतात. दारात जाऊन विचारलं, माझ्या सुरीने काय खिळे कापता काय. काकूंनी दार लावून घेतलं. खालची कडी वाजली, मग वरची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आपल्या मागच्या दाराच्या दगडी पायरीवर काळपट रेघा दिसल्या. बऱ्याच. कोणीतरी येऊन काहीतरी घासतंय. घरमालकाच्या कानावर घालायचं.

१३ मार्च, बुधवार
काम सुटल्यावर चारही सुऱ्या घेऊन भांड्यांच्या दुकानात. दुकानदाराला शांतपणे विचारलं, हे पोलाद आहे की डब्याचा पत्रा. तो म्हणाला, बाहेर व्हा. चर्चा वाढली. माझ्या हातून तवा निसटला तो काचेच्या कपाटात गेला. दुकानदाराच्या हातून लाटणं निसटलं नाही. त्याने ते घट्ट धरूनच मारलं. डाव्या खांद्यावर, दोनदा. काही माणसं आतूनच हिंसक असतात.

घरी हिने खांदा शेकला. त्याआधी माझ्या हातातल्या चारही सुऱ्या काढून घेऊन आत ठेवल्या. किती जीव लावते!

१५ मार्च, शुक्रवार
हिला स्वयंपाकाला सुट्टी. मी टोमॅटोचं सूप केलं. उकळतं मिक्सरला लावलं. गरम घालू नये असं लिहिलेलं कुठे असतं? झाकणावर असतं. झाकण कोण वाचत बसतं? छत लाल, भिंत लाल, माझी मान भाजली. त्या भरात मिक्सर हातून निसटला आणि खिडकीतून मागच्या अंगणात गेला, वायरसकट.

इथे एक मुद्दा आहे. अटीत घरात असा शब्द आहे. मिक्सर घराबाहेर उडाला. हिला तसं नीट समजावून सांगितलं. ही स्टुलावर चढून छत पुसत होती. म्हणाली, आधी मला खाली उतरू द्या. उतरल्यावर या विषयावर काही बोलली नाही, म्हणजे मुद्दा पटला.

मग बॅगेची चेन वाजली. वाटलं, चला, लावतेय एकदाची कपाटात. कसलं काय! धुतलेले दोन टॉवेल आत टाकले आणि चेन बंद.

१७ मार्च, रविवार
खांदा ठणकतोय, तरी धार लावली. आता दोष पोलादाचाच, शंका नको. बाजारची सुरी बास. शुक्रवारी हिचा वाढदिवस. मी स्वतः सुरी बनवणार! वर्कशॉपमध्ये पॉवर सॉचं मोडकं पातं पडलंय, लोखंड कापणारं. त्याच्यासमोर कांदा म्हणजे किस झाड की पत्ती.

मुठीसाठी हिच्या हाताचं माप हवं होतं. ही डावाने भाजी हलवत होती. हळूच मागून जाऊन हात धरला. इतकी दचकली की डाव खाली पडला, भाजी ओट्यावर. म्हटलं, बघ, तुझ्याही हातून निसटतं की. हसली नाही.

२१ मार्च, गुरुवार
सुरी तयार. शिसवी मूठ, पितळी रिबिटा. कागद हवेत धरला, आपोआप दोन झाला. वेल्डरला दाखवली. म्हणाला, वहिनींना ही देणार? म्हटलं, मग काय तुला? म्हणाला, आधी त्यांना विचारा. सरप्राइज कोणी विचारून देतं का! माझ्या हातातला पाना निसटला. त्याने हेल्मेट घातलेलं होतं, त्यामुळे काही विशेष नाही. साहेबांनी मात्र उद्या दुपारपासून आठवडाभर घरी बसायला सांगितलं. बरंच झालं, विश्रांतीच हवी होती.

घरी येऊन जुन्या चार सुऱ्यांनाही धार लावली. वाढदिवस आहे, कसर नको.

२२ मार्च, शुक्रवार. दुपारी ३
पुढून गेलो नाही. नवी सुरी कागदात गुंडाळून मागच्या अंगणातून गेलो. कागद वाटेतच सोडला, तिने बघताक्षणी पातं चमकलं पाहिजे.

ही मागच्या पायरीवर बसलेली. शेजारी चारही सुऱ्या. एक हातात घेऊन पात्याची धार पायरीच्या कडेवर उभी धरून घासत होती. खर्र, खर्र. शांतपणे, करपलेलं पातेलं घासावं तशी. माझी धार! कालची!

विचारलं, हे काय चाललंय. उठली नाही. म्हणाली, तुम्ही लावलीत की मी घालवते, परत आल्यापासून. बोथट लागली तर खरचटतं, धारेची लागली तर टाके पडतात. मी म्हटलं, माझ्या प्रेमाची ही किंमत? ती म्हणाली, मला इथे राहायचं होतं. राहायचं नसतं तर घासत कशाला बसले असते.

असा अपमान आयुष्यात झाला नव्हता. कानशिलं तापली. संकल्प २ आठवला. खरंच आठवला. आठवला तेव्हा हात रिकामा होता.

सुरी मागच्या दाराच्या चौकटीत गेली. हिच्या कानापासून वीतभर अंतरावर, दोन बोटं खोल. पोलाद उत्तम.

हिने कानाला हात लावला, मग बोटं बघितली. रक्त नव्हतं. हातातली सुरी बाकीच्या तिन्हींशेजारी नीट ठेवली, पदर झटकला, आत गेली आणि बॅग घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडली. दोन मिनिटंही लागली नाहीत. बॅग भरावीच लागली नाही.

२३ मार्च, शनिवार
साडूला फोन केला. म्हटलं, निसटली. तो म्हणाला, हो का. ठेवला.

मेहुणीच्या फोनवर मेसेज टाकला : सुरी चौकटीच्या बाहेरच्या बाजूला लागलेली आहे, सबब घरात उडाली असं धरता येत नाही, हिला वाचून दाखवावं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. विचार करत असतील.

२४ मार्च, रविवार
चौकटीतली सुरी उपसून काढली. पाय लावून ओढावी लागली. पाचही सुऱ्यांना धार लावली. ही आली की दिसेल.

३१ मार्च, रविवार. सकाळी १०
टोमॅटो टेस्ट. पाचही पास. दगड तोच, हात तोच. धार आठवडाभर टिकली.

दोन ताटल्यांत वाढला टोमॅटो. मग एक ताटली परत ठेवली.

पायरीवर जाऊन बसलो. पायरीवर नवी रेघ नाही. एक जुनी सुरी घेतली आणि कडेवर उभी धरून घासून बघितली. पुरती बोथट व्हायला वीस मिनिटं लागली. मनगट भरून आलं, पुढची घ्यायला हात उचलेना.

ही चार घासायची.